बारा ते दोनचा पहारा

मी सप्ताहाची जुनी वीणा आहे. किती जुनी, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या दांडीला आजवर तीनदा पॉलिश झालं, आणि तिसऱ्यांदा पॉलिश करणाऱ्या सुताराला आता नातवंडं आहेत. मला खुंट्या चार आहेत, पण तारा दोनच. त्यातली एक वाजते आणि दुसरी तिला सोबत म्हणून असते. मैफलीत बसणाऱ्या वीणा मला ओळख देणार नाहीत, हे मी जाणून आहे. पण मित्रांनो, त्यांच्यातल्या किती जणींना पोलिसांनी जीपमधून नेलं आहे? मला नेलं आहे.

माझा जन्म मिरजेचा. भोपळ्याच्या जातीला लहानपणी एकच भीती असते, भाजी होण्याची. मी वाचले, कारण मी कडू होते. कडवटपणाचा कोणाला फायदा झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. कारागिराने मला वाळवलं, पोखरलं, दांडी जोडली, पट्टा लावला आणि भिंतीला टेकवलं. तिथून मला रामधन नावाच्या एका शेतकऱ्याने उचललं. तो थेट वाशीमकडून आला होता आणि त्याला मिरजेत कोणाचंच बोलणं कळत नव्हतं. त्यामुळे त्याने घासाघीस केली नाही.

परतीच्या प्रवासात त्याने मला तीन गाड्या बदलून आणलं. शेवटची पूर्णेहून सुटणारी छोटी गाडी होती, रूळही छोटे आणि डबेही छोटे. रामधनने मला सगळी वाट मांडीवर घेतलं होतं. टीसीने विचारलं, "हे काय हाय?"

"देव हाय," रामधन म्हणाला.

टीसीने मला खालून वर न्याहाळलं आणि माझं अर्धं तिकीट फाडलं. वय बाराच्या आत, म्हणून. जऊळक्याच्या स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा गावातली चाळीस माणसं टाळ घेऊन उभी होती. मला वाटलं, गाडीतून कोणी मोठा माणूस उतरला असेल. मी मागे वळून बघणार होते, पण मला मान वळवता येत नाही.

आता सप्ताह म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावात चैत्रात सात दिवस देवाचं नाव अखंड चालतं, आणि ते अखंड आहे याची खूण मी असते. सात दिवस मला कोणीतरी गळ्यात घालून उभं राहतं. मी जमिनीला लागायची नाही, टेबलाला नाही, खुर्चीलाही नाही. दर दोन तासांनी माणूस बदलतो, त्याला पहारा म्हणतात. पहारे घराण्यांचे असतात. बाप थकला की त्याच्या घरातलं माणूस त्याच वेळेला येऊन उभं राहतं.

मला घ्यायचीही एक रीत आहे. घेणारा आधी माझ्या वाहणाऱ्याच्या पाया पडतो. मग वाहणारा त्याच्या पाया पडतो. मग पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. त्या वेळी कोण थोरला, कोण धाकटा, कोण कोणत्या जातीचा आणि कोणाचं कोणाशी बांधावरून भांडण, हे बघायचं नसतं. जी माणसं पंगतीत एकमेकांकडे पाठ करून रोडगे खातात, त्यांना मी माझ्यासमोर एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवताना पाहिलं आहे. डोकं उचललं की ती पुन्हा पाठ करून बसायची. पण तेवढा एक क्षण तर मिळायचा.

बाकीचे तीनशे अठ्ठावन्न दिवस मी देवळातल्या खुंटीवर असते. तिथे माझं कौतुक करणारं कोणी नाही. एका वर्षी माझ्या दांडीला स्पीकरची वायर गुंडाळली होती. एका वर्षी पालीने माझ्यात अंडी घातली आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, ऐन रंगात, पिल्लं बाहेर आली. लोक म्हणाले, शुभ आहे.

रामधनच्या घराकडे दुपारी बारा ते दोनचा पहारा होता. तो कोणालाच नको असायचा. मंडपाचे टिन तापलेले, पोटात पंगत, डोळ्यांवर झापड. रामधननंतर त्याचा मुलगा इंद्रभान उभा राहू लागला आणि एकतीस वर्षं उभा राहिला. मला त्या दुपारी फार आठवतात. आचाऱ्यांची कढई घासल्याचा आवाज यायचा. सतरंजीवर म्हातारे ओळीने निजलेले असायचे आणि एक जण घोरत घोरतच टाळ वाजवायचा, ताल न चुकता. इंद्रभान पुटपुटत तार छेडायचा, आणि सगळ्या गावात आम्ही दोघंच जागे आहोत असं वाटायचं. तितकं शांत मला परत कधी वाटलं नाही.

नंतर आम्ही तिघं झालो. इंद्रभानचं एकुलतं लेकरू, हरीओम, अकराव्या वर्षापासून बापासोबत यायला लागलं. पट्ट्याला दोन गाठी मारल्या की मी त्याला पुरायचे. त्याचा हात तारेवर असा पडायचा की निजलेले म्हातारे कूस बदलायचे. मित्रांनो, मी माणसं गळ्यावरून ओळखते. चेहऱ्यावर माणूस काहीही आणू शकतो, गळ्याला ते जमत नाही. त्या गळ्यात हरीओम म्हणून ज्याला सगळे हाक मारायचे तो नव्हता. तिथे एक मुलगी उभी होती. ती मला पहिल्याच वर्षी कळली. मी कोणाला सांगितलं नाही. मला 'टणण' एवढंच म्हणता येतं.

अठराव्या वर्षी तिने ते स्वतःच घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती गावात दिसली नाही. त्या वर्षी सप्ताहात इंद्रभान बारा वाजता एकटाच आला. त्या दुपारी त्याने तार इतकी जोरात छेडली की ती तुटली, आणि मला वर्षभर एकाच तारेवर राहावं लागलं.

नऊ वर्षं गेली. ती अकोल्याला आपल्यासारख्यांच्या घरात राहिली, शिकली, आणि वाशीमच्या कलेक्टर ऑफिसातून तिने ओळखीचं प्रमाणपत्र काढलं. त्यावर तिचं नाव होतं योगिनी. मग ती तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक झाली. व्हरांड्यात एक टेबल मांडून ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांचे अर्ज ती लिहून द्यायची. तिची आई, चतुराबाई, दर बाजाराला तिथे जायची आणि इंद्रभानला सांगायची की आपण डोळे तपासायला गेलो होतो. त्या बाईचे डोळे जिल्ह्यात सगळ्यांत जास्त तपासलेले होते.

यंदा इंद्रभानचे गुडघे गेले. पहिले तीन दिवस त्याने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको माझ्याजवळ बसले असताना तो म्हणाला, "बाराचा पहारा सोडा लागते आता."

"सोडता कायले?" चतुराबाई म्हणाली. "घरात मानूस हाय ना."

"कोन?"

"तुमाले ठाऊक हाय कोन."

इंद्रभानने सुपारी कातरायला घेतली. एका सुपारीला लागतो त्याच्या चौपट वेळ लावला. मग म्हणाला, "पहारा घराचा हाय. घरच्यानं येऊन उभं राहावं. मी कोनाचं नाव घेत नाही."

चतुराबाईने फोन लावला. ती निरोप देत होती की ओरडत होती ते कळलं नाही, पण साडेअकराला योगिनी मंडपात हजर होती. पिवळं लुगडं, हातात पर्स, कोर्टाचं ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवलेलं. दहा ते बाराचा पहारा तांड्यावरच्या गुलाबसिंगचा होता. त्याला मोतीबिंदू. तो कोणाच्याही पाया पडतो, मागच्या वर्षी तर मंडपाच्या खांबाच्याही पडला होता. योगिनी त्याच्या पाया पडली, तो तिच्या पडला, आणि मी नऊ वर्षांनी त्या गळ्यात आले. पट्ट्याला आता गाठी माराव्या लागल्या नाहीत. हात तोच होता. सतरंजीवर दोन म्हाताऱ्यांनी कूस बदलली.

दोन वाजता गणेश आला. गणेश म्हणजे सप्ताह कमिटीचा सेक्रेटरी. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याला नियमांची आवड आहे. मागच्या वर्षीच त्याने मंडपात एक फळा रंगवून लावला होता. त्यावर तीन ओळी होत्या. वीणा गळ्यातून गळ्यातच द्यावी. पहाऱ्याचा क्रम मोडू नये, मोडल्यास सप्ताह खंडित समजला जाईल. मोबाईल बंद ठेवावा.

तो पाय धुऊन, बुक्का लावून आला, आणि योगिनीला बघून पाच पावलांवर थांबला.

"गणेश, घे," योगिनी म्हणाली.

"ठेव."

"कुठं ठेवू?"

"त्या खुर्चीवर ठेव. मी तिथून उचलतो."

"तूच लिहेल हाय ना फळ्यावर?"

गणेशने फळा वाचला. स्वतःच्या अक्षरातला फळा माणूस सहसा वाचत नाही. "मंग तशीच दे," तो म्हणाला. "पाया पडनं राहू दे."

"पाया न पडता घेतलं त ते घेनं नाही, हिसकनं हाय. हिसकतं का?"

गणेशने पुढे केलेला हात मागे घेतला. "मले तुह्याशी दुश्मनी नाही. पन लोकं पाहून राह्यले."

घरची माणसं सोडली तर मंडपात सहा माणसं होती. पाच निजलेली होती आणि सहावा गुलाबसिंग होता.

"मी चहा पिऊन येतो," गणेश म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, तो चहा मी पाहिला नाही, पण तो फार मोठा असला पाहिजे. चार वाजता चारचा माणूस आला, त्याने फळा वाचला, म्हणाला, "मले त गनेशच्या हातूनच घेता येते," आणि खाली बसला. सहाचा आला, तो त्याच्या मागे बसला. संध्याकाळपर्यंत मंडपात माणसांची एक रांग लागली. सगळे तयार, सगळे पाय धुतलेले, आणि एकालाही क्रम मोडायचा नव्हता. साठ वर्षांत आमचा सप्ताह खंडित झाला नव्हता. तो आपल्यामुळे होऊ नये म्हणून सगळे जण तिला एकटीला उभं ठेवून बसले होते.

चतुराबाईने लेकीला पोळीची गुंडाळी करून उभ्याउभ्या भरवली. "संतायच्या अभंगात समदे चालतात," ती रांगेकडे बघून म्हणाली, "अन् मंडपात आलं का यायले चहा लागते."

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. माणूस इतका वेळ उभा राहिला तर मोरीवर कधी जातो? रीतीत त्याचंही उत्तर आहे. एका घराच्या पहाऱ्यात घरच्याघरी वीणा बदलली तर क्रम मोडत नाही. आणि घरचं दुसरं माणूस तिथेच खुर्चीवर बसलं होतं. इंद्रभान सकाळपासून हललेला नव्हता.

दिवेलागणीला तो काठी टेकत उठला आणि लेकीसमोर आला. तिला वाटलं, बाप काही बोलेल. तो वाकायला लागला. गुडघा जुन्या दरवाजासारखा वाजला. काठी निसटली. त्याचे हात तिच्या पावलांपर्यंत पोचायला इतका वेळ लागला की रांगेतली माणसं माना खाली घालून सतरंजीची नक्षी बघायला लागली. मग योगिनी त्याच्या पाया पडली, आणि ती उठायच्या आधीच त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मी त्याच्या गळ्यात गेले. त्याचा गळा हलत होता.

"जाय," तो म्हणाला. "तोंड धुऊन ये, योगिनी."

दहा मिनिटांत ती परत आली; गणेश काही आला नाही. इंद्रभानला त्याहून जास्त जमण्यासारखं नव्हतं. मला परत देताना तो एवढंच म्हणाला, "ताठ उभी राय." ती उभी राहिली. रात्रीबद्दल सांगण्यासारखं इतकंच की ती लांब होती.

सकाळी आठला पोलिसांची जीप आली. गणेशने लेखी तक्रार दिली होती. मंदिराची वीणा बळजबरीने ताब्यात ठेवून रूढी-परंपरेचा भंग केला आणि सप्ताहात अडथळा आणला. खाली आरोपीचं नाव: हरीओम इंद्रभान बोडखे.

हवालदार दौलतसिंग जाड मिशांचा आणि सावकाश बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "वीना जप्त करा लागन. दे इकडं."

"घ्या ना साहेब," योगिनी म्हणाली. "पन या रांगेत तुमचा नंबर अकरावा लागन."

दौलतसिंगने रांग पाहिली. फळा वाचला. खिशातला मोबाईल बंद केला. मग खूप विचार करून त्याने पंचनाम्यात लिहिलं: सदर वीणा ही आरोपीच्या गळ्यातच जप्त करण्यात आली. म्हणजे मी जप्तही झाले आणि जागेवरही राहिले. इंद्रभानही जीपमध्ये चढला. त्याला कोणी पकडलं नव्हतं, पण उतर म्हणायचं धाडसही कोणाला झालं नाही.

ठाण्यात खरी अडचण सुरू झाली. कोठड्या दोन होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. फॉर्मवर चौकटीही दोनच होत्या.

"नव्या फॉर्मवर तिसरी चौकट येते, साहेब," योगिनी म्हणाली. "मी कोर्टात रोज भरते लोकायचे."

"नवे फॉर्म आले हायेत," दौलतसिंग कपाटाकडे बघत म्हणाला. "पन जुने संपल्याबिगर काढाले मनाई हाय."

"मंग माह्यं प्रमानपत्र पाहा. त्याच्यावर काय लिहेल हाय तसं धरा."

त्याने प्रमाणपत्र दोनदा वाचलं. झडती महिला शिपायाने घेतली. एक पेन, एक ओळखपत्र आणि खोकल्याच्या तीन गोळ्या मिळाल्या. मग दौलतसिंगने दोन्ही कोठड्यांच्या मधल्या व्हरांड्यात बाक टाकलं, तिच्यासाठी पंखा फिरवून घेतला आणि फॉर्मवर दोन चौकटींच्या बाजूला पेनाने एक तिसरी चौकट काढली. पट्टी घेऊन, नीट. त्यात बरोबरची खूण केली. "चुकलं अशीन त साहेब मले बोलतीन," तो म्हणाला. "तुले नाही."

दुपारी आम्हाला कोर्टात उभं केलं. हे तेच कोर्ट होतं, जिथे ती रोज टेबल मांडायची. पुकारा करणारा शिपाई रोज तिच्याच पेनाने सही करायचा. तो दारात आला, तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि कागदात होतं ते ओरडला, "हरीओम इंद्रभान बोडखे हाजिर है?"

कोणी ओ दिली नाही. तो दुसऱ्यांदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तो फक्त मला ऐकू आला.

"आरोपी गैरहजर आहे का?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं. त्या कोकणातल्या होत्या.

"हजर हाय मॅडम," दौलतसिंग म्हणाला. "पन या नावानं नाही."

योगिनीची वकील स्नेहाताई होती. विहाराजवळच्या वस्तीतली, नवीनच सनद मिळालेली मुलगी. तिने प्रमाणपत्र पुढे केलं. मॅडमनी ते वाचून लेखनिकाला सांगितलं, "नाव दुरुस्त करा. योगिनी. आणि पुन्हा पुकारा." शिपाई दारात गेला आणि असा खणखणीत ओरडला की आवारातल्या लिंबावरचे कावळे उडाले.

"वीणा इकडे टेबलावर ठेवा," मॅडम म्हणाल्या.

"नाही!" अख्खं कोर्ट एकदम ओरडलं. त्यात सरकारी वकीलही होते, पक्षकारही होते, आणि दुसऱ्याच खटल्यातले दोन बेडीवाले आरोपीही होते.

मॅडमनी सगळ्यांकडे बघितलं. "रेकॉर्डवर घ्या," त्या म्हणाल्या. "वीणा ठेवता येत नाही."

मग त्यांनी गणेशला समोर बोलावलं आणि स्नेहाताईला प्रश्न विचारू दिले.

"तुमची तक्रार अशी हाय का यायनं वीना देली नाही?"

"हो."

"तुमी मांगतली?"

"मांगतली."

"काय म्हनून?"

गणेशने घसा साफ केला. "खुर्चीवर ठेव म्हनलं."

"अन् तुमच्या गावची रीत काय हाय? परंपरेचा भंग झाला असं तुमीच लिहेल हाय, तवा तुमाले ठाऊक अशीन."

गणेशने माझ्याकडे बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण मी समोर होते. "घेनाऱ्यानं पयले वीनेवाल्याच्या पाया पडायचं," तो म्हणाला.

"तुमी पडले?"

वरचा पंखा किरकिरत फिरत होता.

"नाही."

"काहून?"

गणेश आपल्या चपलांकडे बघत होता. "जमलं नाही, मॅडम," तो म्हणाला. ते इतकं खरं होतं की स्नेहाताई पुढचा प्रश्न न विचारताच खाली बसली.

न्यायाधीश मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "एखादी वस्तू ताब्यात ठेवणं वेगळं आणि ती घ्यायला कोणी न आल्यामुळे ताब्यात राहून जाणं वेगळं. यांनी काहीही बळकावलेलं नाही. यांना सोडण्यात येत आहे. वीणा रीतीप्रमाणे पुढे जावी."

"मॅडम," योगिनी म्हणाली, "मले सोडलं. पन वीना अजून गळ्यातच हाय. यायले पाया पडाले सांगा."

"ते मला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं. "कोणाला डांबायचं नाही, हे कोर्ट सांगू शकतं. कोणापुढे वाकायचं, हे कोर्ट सांगू शकत नाही."

परत येताना दौलतसिंगने गणेशलाही जीपमध्ये घेतलं. पुढच्या सीटवर गणेश, मागे इंद्रभान, योगिनी आणि मी. वाटेत दौलतसिंग एकदा म्हणाला, "सेक्रेटरी, तुमच्या त्या फळ्यावर चौथी ओळ लिहा. चहा बंद."

मंडपात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मी नसताना गावाने हार मानली नव्हती. सप्ताहाच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता. तेवढा कापून, त्याला सुतळी ओवून, तो एकेक जण गळ्यात घालून उभा राहत होता. पण तो देतानाही मधेच खोळंबा झाला होता, कारण क्रमाने फोटोवरही पहिला हक्क गणेशचाच निघतो, हे कोणाला तरी आठवलं होतं. मला बघून फोटोवाला माणूस ओशाळला आणि खांबाआड गेला.

योगिनी माझ्यासकट आपल्या जागेवर उभी राहिली. एकोणतीस तास झाले होते. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या, आणि ती थरथर तारेतून मला कळत होती. समोर गणेश. त्याच्या मागे रांग. रांगेच्या मागे सगळं गाव, बायका, आचारी, कीर्तनकार बुवा, आणि न जाता थांबलेली पोलिसांची जीप.

"योगिनी," गणेश हळूच म्हणाला. त्या नावाने त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली. "तू चोर नाहीस. मी तसं लिहाले नाही पायजे होतं. पन मले वाकता येत नाही. अंगच वाकत नाही माह्यं."

"कमरीत सळई बसवली का रे?" चतुराबाई ओरडली.

"माय, थांब," योगिनी म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "गनेश, कोनं पयले वाकावं त्यात काय हाय? तुले नाही जमत त मी पयले वाकीन. तू पाहून घे कसं वाकतात ते."

आणि ती वाकली.

पण मित्रांनो, एकोणतीस तास उभे असलेले गुडघे वाकतात तेव्हा ते मधे थांबत नाहीत. ती खाली आली ती येतच राहिली. पट्टा मानेवरून पुढे सरकला. मी तिच्या छातीपासून सुटले आणि जमीन माझ्याकडे येताना मला दिसली. माझा भोपळा सतरंजीपासून चार बोटांवर होता. आजवर मी कधी इतकी खाली गेले नव्हते. मी मनात म्हटलं, संपलं.

गणेश दोन्ही गुडघ्यांवर कोसळला. त्याचा हात माझ्या भोपळ्याखाली आला आणि मी तिथेच थांबले. तिचं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं होतं. त्याचं डोकं तिच्या पायांपर्यंत गेलं होतं.

तो वाकला, की तोल जाऊन पडला, की फक्त मला वाचवायला झेपावला, यावर गावात अजून वाद चालू आहे. कमिटीने त्यावर दोन बैठका घेतल्या आणि तिसरी पुढे ढकलली. मला कोणी विचारलं नाही. मी त्या दोघांच्या मधे होते, म्हणून मला ठाऊक आहे. भोपळा धरायला एक हात पुरतो. गणेशचा दुसरा हात तिच्या पावलावर होता. आणि मी सावरल्यानंतरही त्याने तो उचलला नाही. बराच वेळ.

मग पट्टा गळ्यातून गळ्यात गेला. गणेश उभा राहिला. त्याने तार छेडली, ती थोडी बेसूर लागली, आणि रांगेतला चारचा माणूस उठून पुन्हा एकदा पाय धुवायला गेला. योगिनीला तिच्या आईने तिथेच सतरंजीवर आडवं केलं. इंद्रभान तिच्या उशाशी बसला आणि आल्यागेल्याला हाताने खुणावत राहिला, की हळू चाला, माझी लेक निजली आहे.

मित्रांनो, माझी निगा राखणं सोपं आहे. ओल लागू देऊ नका, तारा सैल करून ठेवा, पट्टा कुजायच्या आधी बदला. माणसांची निगा राखायला याहून थोडं जास्त लागतं, पण फार नाही. कुठे कोणी एकटं उभं असेल, त्याची वेळ केव्हाच संपली असेल, आणि पुढचा नंबर तुमचा असेल, तर त्याला ताटकळत ठेवू नका. त्याच्यापर्यंत चालत जा. आधी वाका. मग त्याच्या गळ्यातलं ओझं आपल्या गळ्यात घ्या.